नवी पद्धत पंधरा दिवस चालते आणि बंद पडते: बिघाड कुठे शोधायचा

तक्रार साधारण अशी असते. नवी डायरी घेतली, किंवा फोनमध्ये कामांच्या यादीचं ॲप टाकलं, किंवा स्वयंपाकघरातल्या फळ्यावर आठवड्याचं वेळापत्रक लिहून काढलं. पहिले दोन आठवडे झकास गेले. मग एक दिवस राहिला, पाठोपाठ दुसरा राहिला, आणि महिनाभरात डायरी कपाटात गेली, ॲपच्या सूचना न वाचताच सरकवल्या जाऊ लागल्या. कामं पुन्हा डोक्यात, आणि डोक्यातून निसटणंही पुन्हा सुरू. काही महिन्यांनी आणखी एक पद्धत, तोच उत्साह, तोच शेवट. दर खेपेला स्वतःवरचा भरवसा थोडा कमी होतो, आणि खरं नुकसान तिथे होतं.

एडीएचडी (लक्ष टिकवण्यात आणि चंचलता आवरण्यात अडचण), ऑटिझम (लोकांशी संवाद आणि इंद्रियांचे अनुभव वेगळ्या तऱ्हेचे असणं), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनाची अडचण), डिस्प्रॅक्सिया (हालचालींच्या समन्वयाची अडचण) यांपैकी काही ना काही असलेल्या, म्हणजे ज्यांना हल्ली एकत्रितपणे न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात, त्या मोठ्या माणसांकडून ही तक्रार मी सतत ऐकते. माझं स्वतःचं एडीएचडीचं निदान तिशी ओलांडल्यावर झालं. हे लिहिते आहे ते या फेऱ्यात अडकलेल्यांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही.

माझं म्हणणं एवढंच आहे: काम नेमकं कोणत्या पायरीवर अडतं हे कळण्याआधी उपाय निवडला, तर तो टिकत नाही. दिवा लागला नाही की आपण आधी बल्ब बघतो, मग बटण, मग फ्यूज. घरभर नवं वायरिंग करायला घेत नाही. कामांच्या बाबतीत मात्र आपण दर वेळी वायरिंगच बदलतो.

ही एक क्षमता नाही, अनेक क्षमता आहेत

सुरुवात करणं, चार गोष्टी मनात धरून ठेवणं, मोह आवरणं, एका कामावरून दुसऱ्याकडे वळणं, वेळेचा अंदाज घेणं, सुरू केलेलं शेवटाला नेणं. मेंदूच्या या कारभाराला एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. मानसशास्त्रज्ञ अकिरा मियाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली यांतल्या तीन क्षमतांचा अभ्यास प्रसिद्ध केला: लक्ष एकीकडून दुसरीकडे नेणं, मनातली माहिती ताजी ठेवणं, आणि आपसूक होणारी कृती रोखणं. तिन्ही एकमेकींशी जोडलेल्या निघाल्या, तरी तिन्ही स्वतंत्रही निघाल्या. ॲडेल डायमंड यांनी २०१३ च्या आढाव्यात साधारण याच तीन पायाभूत धरल्या आहेत. नियोजन, तर्क, समस्या सोडवणं या गोष्टी त्यांच्यावर उभ्या राहतात.

याचा रोजच्या जगण्यातला अर्थ असा की एक बाजू भक्कम आणि दुसरी कच्ची असं असू शकतं. एखादीला तासभर भाषण न चाचरता देता येतं, आणि त्याच बाईचं गॅसचं पुस्तक तीन वर्षांत सापडलेलं नसतं. बघणाऱ्याला वाटतं, हिला जमतं पण करायचं नाही.

आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी १९९१ मध्ये मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या तीन रुग्णांवर काम केलं. टेबलाशी बसून करायच्या बऱ्याच चाचण्यांमध्ये ते ठीक होते. मग त्यांना बाजारात सोडलं, थोडी खरेदी आणि काही चौकश्या करायला सांगितल्या, सोबत दोन-चार नियम दिले. तिथे त्यांची त्रेधा उडाली. कारण चाचणी घेणारा समोर बसतो, काय करायचं ते सांगतो, कधी थांबायचं तेही सांगतो. बाजारात हे सगळं आपलं आपल्याला करावं लागतं. न्यूरोडायव्हर्जंट माणसाला मेंदूची इजा झालेली नसते, ती गोष्ट वेगळी. पण चाचणीत गुण चांगले आले म्हणून घरातला गोंधळ खोटा ठरत नाही, हे त्याच्यासाठीही तितकंच खरं आहे.

सगळ्यात आधी: हे नवं आहे की जुनं?

त्रास शाळेपासून आहे की गेल्या सहा-आठ महिन्यांत सुरू झाला? नवा असेल तर डायरी विकत घेण्याआधी डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, बी १२ ची कमतरता, रक्तक्षय, नैराश्य, झोपेत श्वास अडकण्याचा आजार, नव्याने सुरू केलेलं एखादं औषध, यांपैकी कशानेही लक्ष आणि स्मरण ढासळू शकतं. शाकाहारी घरांत बी १२ ची तपासणी हमखास करून घ्या. बायकांना पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांतही हे जाणवतं, आणि आधीपासून एडीएचडी असेल तर जास्तच. झोप पुरेशी होत नसेल तर खाली लिहिलेलं काहीही नीट लागू पडणार नाही.

जुना असेल तर पुढे वाचा.

एकच काम घ्या आणि त्याच्या पायऱ्या कागदावर मांडा

"माझं सगळंच अडतं" हे उत्तर घ्यायचं नाही. नेहमी राहून जाणारं एक काम निवडायचं. उदाहरणादाखल प्राप्तिकराचं विवरणपत्र घेते. पगारदारांसाठी मुदत सहसा ३१ जुलै असते आणि उशीर झाला की पाच हजार रुपयांपर्यंत विलंब शुल्क पडतं.

माझ्या ओळखीतले एक गृहस्थ हिशेबाच्या खात्यात आहेत. ऑफिसातल्या निम्म्या लोकांना विवरणपत्र भरायला तेच मदत करतात, आणि त्यांचं स्वतःचं मात्र दर वर्षी राहतं. घरचे म्हणतात, "दुसऱ्यांचं बरं वेळेवर होतं!" आम्ही एकदा शेजारी बसून त्या कामाच्या पायऱ्या मांडल्या. ईमेलमधून फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, शोधणं. बँकेतून व्याजाचा दाखला काढणं. पोर्टलवर लॉगिन करणं. पासवर्ड आठवत नाही म्हणून नवा करणं, त्यासाठी ओटीपी. वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडून आकडे जुळवणं. विवरणपत्र भरून पाठवणं. आणि शेवटी ई-व्हेरिफिकेशन, म्हणजे ते आपणच भरल्याची ऑनलाइन खातरजमा.

मग प्रत्येक पायरीवर बोट ठेवून विचारलं: मागच्या वर्षी इथे काय झालं होतं? आकडे जुळवताना, जिथे बाकीच्यांना घाम फुटतो, त्यांना काहीच त्रास झाला नव्हता. अडलं होतं दोनच ठिकाणी. पहिलं ओटीपीपाशी. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला. तो आणायला गेले, त्यावर बहिणीचा मेसेज दिसला, तिला फोन लावला, आणि परत येऊन बघतात तर पोर्टलने बाहेर काढलेलं. आता पुन्हा पहिल्यापासून, या विचाराने पुढचे कित्येक दिवस ते पान उघडलंच गेलं नाही. दुसरं शेवटच्या पायरीपाशी. विवरणपत्र पाठवलं तेव्हा मनाने काम संपल्याची खूण करून टाकली आणि ई-व्हेरिफिकेशन राहून गेलं. ते तीस दिवसांत झालं नाही तर विवरणपत्र वेळेत भरल्याचं धरलं जात नाही.

उपाय अगदी छोटे निघाले. बसण्याआधी फोन लॅपटॉपच्या शेजारी ठेवायचा आणि त्यावरचं इंटरनेट बंद करायचं. ओटीपीचा एसएमएस तरीही येतो, बहिणीचा मेसेज येत नाही. यादीत "विवरणपत्र भरणे" अशी एक ओळ नको, "ई-व्हेरिफिकेशन झाल्याची पोच डाउनलोड केली" ही शेवटची ओळ हवी. आणि दुसऱ्यांचं काम वेळेवर का होतं, तर त्या वेळी समोर माणूस बसलेला असतो, तास ठरलेला असतो, कागद तो माणूस घेऊन आलेला असतो. म्हणून स्वतःचं कामही एका सहकाऱ्याच्या शेजारी बसूनच करायचं असं ठरलं. इच्छाशक्ती वाढवण्याचा विषय त्या दुपारी निघालाच नाही.

असा कागद करायला अर्धा-पाऊण तास लागतो. एकट्याने जमत नसेल तर कुणाला तरी शेजारी बसवून, त्या माणसाला विचारायला लावा आणि तुम्ही फक्त उत्तरं द्या.

पायरी सापडली, आता तिथला बिघाड ओळखा

*सुरुवातच होत नाही.* काम कळतं, करायचंही असतं, आणि तरी हात उचलत नाही. आधी बघा, यादीत लिहिलेली गोष्ट खरंच एक कृती आहे का. "गळतीचं बघायचं" ही कृती नाही. "प्लंबरला फोन करून शनिवारी सकाळी बोलवायचं" ही कृती आहे. पहिली पायरी शरीराने करता येईल अशी असावी: फाइल उघडणं, चष्मा लावून टेबलाशी बसणं.

दुसरं, वेळेऐवजी प्रसंगाला काम बांधा. "संध्याकाळी करीन" हे निसटतं. "चहाचा कप खाली ठेवला की बँकेचं ॲप उघडीन" हे पुष्कळ जास्त वेळा घडतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी जर-तर स्वरूपाच्या अशा संकल्पांवर बरंच काम केलं आहे. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ अभ्यास एकत्र तपासले आणि परिणाम चांगला मध्यम ते मोठा निघाला. ठरवण्याचं काम आधीच उरकलेलं असतं, त्यामुळे त्या क्षणी डोक्यावर भार कमी पडतो.

तिसरं, सोबत. कुणीतरी त्याच खोलीत आपलं काम करत बसलं आहे, एवढ्यानेच अनेकांची सुरुवात होते. व्हिडिओ कॉलवरही चालतं. ऑटिझम असलेल्या काही जणांना एकदा थांबलं की हलताच येत नाही, आणि एकदा सुरू झालं की थांबता येत नाही. याला ते इनर्शिया म्हणतात, आणि बाहेरून कुणीतरी हलकेच हलवल्याशिवाय त्यातून सुटता येत नाही असं त्यांतले बरेच जण सांगतात. तिथे ओरडून उपयोग होत नाही. "चल, मी पण उठते" याचा होतो.

*मनात राहत नाही.* नेल्सन कोवान यांच्या २००१ च्या मांडणीनुसार सर्वसाधारण माणसाच्याही मनात एका वेळी चारेक गोष्टीच टिकतात. ज्यांची वर्किंग मेमरी, म्हणजे काम करताना माहिती मनात धरून ठेवण्याची क्षमता, कच्ची आहे त्यांच्या त्याहून कमी टिकतात, आणि मध्येच कुणी हाक मारली तर त्याही जातात. म्हणून तोंडी सूचना घेऊ नका. "एवढं मेसेज करून ठेव ना" म्हणायला संकोच करू नका. आठवण जिथे लागते तिथेच ठेवा. औषधाची चिठ्ठी औषधाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, ती चहाच्या डब्यावर हवी. डिस्लेक्सिया असेल तर लिखित याद्यांचा हट्ट सोडा. आवाजाची नोंद, फोटो, रंगीत पिशव्या यांनी तेच काम होतं, आणि कमी दमणुकीत होतं.

*वेळ कळत नाही.* एडीएचडीत "आत्ता" आणि "आत्ता नाही" अशा दोनच वेळा असतात असं म्हणतात, आणि माझ्यापुरतं ते शब्दशः खरं आहे. कामाला लागणारा वेळ कमी धरण्याची सवय सगळ्यांनाच असते. कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच ती नोंदवली आहे. एडीएचडी असलेल्या आपल्यासारख्यांत ती फार तीव्र असते. अंदाज सुधारायच्या मागे लागू नका. अंघोळीला, डबा भरायला, गाडीच्या किल्ल्या शोधायला किती मिनिटं लागतात ती एकदा मोजून भिंतीवर लिहा. आणि कॅलेंडरमध्ये "११ वाजता बैठक" टाकून थांबू नका. "१०.०५: पायात चपला" असा गजर लावा. बैठकीची वेळ माहीत असूनही उशीर होतो, कारण निघायची वेळ कुठेच लिहिलेली नसते. भिंतीवर काट्यांचं घड्याळ असलं तर सरकणारा वेळ डोळ्यांना दिसतो, आकड्यांच्या घड्याळात तो दिसत नाही.

*एका कामातून दुसऱ्यात जाता येत नाही.* दिना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी २००५ मध्ये ऑटिझमसंबंधी अशी मांडणी केली की सगळं लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींत खोल ओतलं जातं. तिथून ते एकाएकी उपसून काढणं फार महागात पडतं. "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणणाऱ्याला दोनच मिनिटं लागतात, आपला त्यात अर्धा दिवस जातो. फोन आणि निरोप यांच्यासाठी दिवसात दोन ठरावीक खिडक्या ठेवा. आणि उठावंच लागलं तर उठण्यापूर्वी पुढची कृती एका ओळीत लिहून ठेवा. परत आल्यावर ती एक ओळ दहा मिनिटं वाचवते.

*भीती वाटते, लाज वाटते.* महिनाभर न उघडलेलं पाकीट, उत्तर न दिलेला ईमेल. इथे स्मरणाचा प्रश्न नाही, आठवण तर चोवीस तास आहे. अशा कामासाठी गजर लावले तर ते आणखी दूर जातं. पाकीट दुसऱ्याच्या हाती द्या, त्याने उघडून वाचून दाखवावं. बहुतेकदा आतला मजकूर कल्पनेइतका वाईट नसतो, आणि असला तरी तो आता दोघांना माहीत असतो.

*जागाच नडते.* कुकरच्या शिट्ट्या, ट्यूबलाइटची भुणभुण, मागे फोनवर बोलणारे लोक. इंद्रियांना हे सोसत नसेल तर नियोजन कितीही सुधारा, हाती काही लागत नाही. आधी जागा बदला.

बरं, पण पद्धत बंद का पडते?

मूळ तक्रार ही आहे, आणि माझ्या मते यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

पहिलं कारण नावीन्य. नवी डायरी पहिले दोन आठवडे चालते ती मुख्यतः नवी असल्यामुळे. एडीएचडीत नव्या आणि रंजक गोष्टीकडे लक्ष आपोआप जातं, जुनी झाली की तेवढंच आपोआप निघून जातं. याला अपयश म्हणून काय उपयोग? हे घडणार हे गृहीत धरा. कामाला येणाऱ्या दोन-तीन पद्धती हाताशी ठेवा आणि एकीचा कंटाळा आला की दुसरीवर जा. कागदी यादी, मग चिकटवायच्या चिठ्ठ्या, मग परत कागदी यादी. असं बदलत राहणं हीच काही जणांची टिकणारी पद्धत असते.

दुसरं कारण जास्त खोल आहे. पद्धत चालवायला तीच क्षमता लागते जी मुळात कमी आहे. यादी बघायची आठवण कोण करून देणार? ॲपमध्ये काम टाकायचं, त्याचा वर्ग निवडायचा, तारीख ठरवायची, प्राधान्य द्यायचं, म्हणजे एका कामापायी पाच निर्णय. जी पद्धत सांभाळावी लागते ती थकलेल्या दिवशी सांभाळली जाणार नाही. निवडताना हा एकच निकष लावा: ताप आलेल्या दिवशी हे चालेल का? आपोआप बिल भरणं चालतं. दाराच्या मुठीला लटकवलेली पिशवी चालते. सहा रंगांचं वेळापत्रक चालत नाही.

तिसरं, मिटलेली डायरी दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते आपल्यापुरतं संपलेलं असतं. खण, फाइल, फोनमधलं तिसऱ्या पानावरचं ॲप, सगळ्यांचं तेच. घर अस्ताव्यस्त दिसेल, पण उघड्या ट्रे आणि पारदर्शक डबे बरे.

चौथं, परत येण्याचा रस्ता आखलेला नसतो. चार दिवस राहिले की तारखा छापलेल्या डायरीतली ती चार कोरी पानं आरोप करत समोर उभी राहतात, आणि माणूस डायरीच उघडायचं टाळतो. म्हणून तारीख छापलेली डायरी घेऊच नका. साधी वही घ्या. कोणतीही पद्धत सुरू करण्याआधी हे ठरवा: खंड पडला की मी काय करीन? माझं उत्तर असं आहे की राहिलेलं काहीही भरून काढायचं नाही, नवं पान उघडायचं आणि आजच्या तीन गोष्टी लिहायच्या. जुन्या यादीतलं महत्त्वाचं असेल ते पुन्हा आठवतं, किंवा कुणीतरी आठवण करून देतं. पद्धत चालू राहिली पाहिजे, अखंड राहिली पाहिजे असं नाही.

जे जमतं तेही तपासा

बलस्थानांविषयी बोलताना लोक लगेच "सुपरपॉवर" म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याचं भाडं थकलंय त्याला त्याने धीर येत नाही. पण जे जमतं त्याकडे माहिती म्हणून बघितलं तर फार उपयोगी सापडतं, कारण कोणत्या परिस्थितीत आपला मेंदू चालतो हे तिथे लिहिलेलं असतं.

आजवर विनासायास झालेलं एखादं मोठं काम आठवा. समजा, घरात कुणाला अचानक इस्पितळात न्यावं लागलं, आणि सगळे गोंधळलेले असताना तुम्ही शांतपणे कागद, पैसे, रक्तगट, गाडी सगळं बघितलंत. तिथे काय होतं? पुढची पायरी समोर दिसत होती. परिणाम लगेच कळत होता. माणसं सोबत होती. निवडायला फारसं नव्हतं. आता हेच घटक कंटाळवाण्या कामात कसे आणता येतील? प्रत्येक काम आणीबाणीचं करून टाकणं हा मार्ग नाही, त्याने प्रकृतीची वाट लागते. पण मुदत दुसऱ्या माणसाला सांगून ठेवणं, काम तुकड्यांत देऊन प्रत्येक तुकड्यावर लगेच मत मागणं, हे करता येतं.

आवडीच्या विषयात तासन्‌तास बुडून राहता येत असेल तर ते काम सकाळी पहिल्यांदा घेऊ नका, कारण मग दिवस तिथेच जातो. ज्यांना नमुने पटकन दिसतात, ज्यांना तपशिलातली चूक डोळ्यांत खुपते, त्यांनी तपासणीची कामं आपल्याकडे घ्यावीत आणि पाठपुराव्याची दुसऱ्याला द्यावीत. घरातही अशी वाटणी होऊ शकते. फक्त ती बोलून झालेली हवी.

घरच्यांसाठी

पुष्कळ जणांचा त्रास नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेल्यावर, लग्नानंतर किंवा मूल झाल्यावर उघड होतो, आणि सगळे म्हणतात, "आधी तर असं नव्हतं." आधी आई उठवत होती, डबा भरून देत होती, शाळेची घंटा वाजत होती, क्लासच्या सरांचा फोन येत होता. कारभार दुसरं कुणीतरी चालवत होतं. तो आधार गेला आणि आतली उणीव दिसायला लागली. मुलींच्या बाबतीत तर लग्नानंतर स्वतःचा कारभार राहतोच, वर सगळ्या घराच्या तारखा, औषधं, सणवार, पाहुणे यांचा कारभारही त्यांच्याच गळ्यात पडतो. जिला स्वतःच्या पाच गोष्टी लक्षात ठेवणं जड जातं तिच्याकडून वीस जणांच्या पन्नास गोष्टींची अपेक्षा होते, आणि विसरली की ती "निष्काळजी" ठरते. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

जोडीदाराने गजर व्हायचं का? थोडे दिवस ठीक आहे, कायमचं नाही. आठवण करून देणारा चिडतो, ऐकणारा मिंधा होतो, आणि नातं पोरकट होत जातं. त्यापेक्षा रविवारी अर्धा तास दोघांनी एकत्र बसून पुढच्या आठवड्याच्या तारखा भिंतीवर लावाव्यात, आणि मग आठवण भिंतीने करावी. "किती वेळा सांगायचं?" हा प्रश्न बंद करा. "कुठे अडलं?" हा विचारा.

ऑफिसात

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारांची यादी आहे. त्यात ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच येतो) आहे; एडीएचडीचं नाव स्वतंत्रपणे नाही. म्हणून एडीएचडीवाल्यांनी कायद्यावर सगळी भिस्त ठेवू नये. निदान सांगायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. पण बैठकीनंतर ठरलेलं लेखी पाठवा, मोठ्या कामाला मधले टप्पे द्या, दोन तास हेडफोन लावून बसू द्या, या मागण्या कुठलंही निदान न सांगता करता येतात, आणि समंजस वरिष्ठ त्या मान्य करतात.

एवढं करूनही अडत असेल तर

मानसोपचारतज्ज्ञाकडे रीतसर तपासणी करून घ्या. एडीएचडीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांची प्रश्नावली आहे. तिचा पहिला भाग सहाच प्रश्नांचा आहे. ती चाळणी आहे, निदान नव्हे. डीएसएम-५, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरली जाणारी अमेरिकी नियमावली, तिच्याप्रमाणे सतरा वर्षं किंवा त्यापुढच्या व्यक्तीत दुर्लक्ष किंवा अतिचंचलता यांपैकी एका गटातली किमान पाच लक्षणं दिसावी लागतात, त्यांतली काही बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, आणि घर, नोकरी अशा एकाहून जास्त ठिकाणी. म्हणून जाताना शाळेची प्रगतिपुस्तकं घेऊन जा. "हुशार आहे पण लक्ष देत नाही", "वह्या अपूर्ण" हे शेरे डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतात. शक्य असेल तर लहानपणापासून ओळखणारं कुणी सोबत न्या.

एक मुद्दा ऑटिझमचं निदान आधीच झालेल्यांसाठी. २०१३ पूर्वीच्या डीएसएममध्ये ऑटिझम असताना एडीएचडीचं निदान देता येत नसे. डीएसएम-५ ने ती अट काढली. निदान जुनं असेल तर दुसऱ्या गोष्टीची तपासणी कदाचित कधी झालीच नसेल.

एडीएचडीसाठी भारतात मिथाइलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन ही औषधं मिळतात, दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, आणि रक्तदाब व हृदयाची चौकशी करूनच. ज्यांना लागू पडतात त्यांची सुरुवात सोपी होते, लक्ष टिकतं. पायऱ्या मांडणं आणि खुणा लावणं मात्र तरीही करावं लागतं, फक्त ते आता हातून होतं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोजच्या कामांची अशी मांडणी करून देतात. प्रौढांसोबत काम करतात का, हे आधी फोनवर विचारून घ्या.

आणि फेऱ्यांनी जीव इतका मेटाकुटीला आला असेल की जगणंच नकोसं वाटतंय, तर डायरी, याद्या, पायऱ्या सगळं बाजूला ठेवा. टेली मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. फोन लावणंच जमत नसेल तर हा क्रमांक शेजारच्या माणसाला दाखवा आणि त्याला लावायला सांगा.